मधल्या अक्षरापासून

वर्गाच्या पहिल्या दिवशी मी सगळ्यांना एकच काम दिलं होतं. आपला धंदा कोणता, तो एक शब्द इंग्रजीत टाइप करायचा. टेलरताईंनी भराभर केला. टॅक्सीवाल्या भाऊंनी शेजाऱ्याच्या पडद्यावर डोकावत केला. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपुढे बसलेले पांढऱ्या मिशांचे गृहस्थ मात्र डोळे बारीक करून पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून दोरा काढला. पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ताणून धरला, दुमडून निम्मा केला आणि निम्मा जिथे संपला तिथे काचेवर नखाने खूण केली. मग स्पेसबार दाबत दाबत त्या खुणेपर्यंत गेले आणि तिथे एक अक्षर ठेवलं. एन.

मला वाटलं, नर्स असावेत. पण मिशांकडे बघून पटेना.

"काका, तुमच्या शब्दाचं पहिलं अक्षर एन आहे का?"

"पहिलं नाही, मधलं," ते म्हणाले. "पेंटर. सात अक्षरं होतात. मधे एन, अलीकडे तीन, पलीकडे तीन."

पलीकडची तीन अक्षरं नीट बसली. अलीकडे आय ठेवायला गेले तर एन पुढे सरकला. त्यांनी स्पेस खोडून तो मागे आणला. ए ठेवला, पुन्हा सगळी ओळ पुढे.

"मॅडम, हे जागेवर थांबत नाही. ओला रंग ओघळावा तसं करतंय."

"टाचणी लावा त्याला," टेलरताई मागून म्हणाल्या.

आमचा वर्ग वाचनालयाच्या मागच्या खोलीत आठवड्यातून दोन संध्याकाळी भरतो. इंग्रजी शिकू पाहणाऱ्या मोठ्या माणसांना कॉम्प्युटरवर चार ओळी लिहिता याव्यात, एवढाच त्याचा हेतू. कॉम्प्युटर कुठल्याशा ऑफिसने टाकून दिलेले, कीबोर्डवरची निम्मी अक्षरं बोटांनी पुसून गेलेली. माझं शिक्षण प्रोग्रॅम लिहिण्याचं. एखादा माणूस शब्द मधून लिहायला सुरुवात करेल, हे मला कुठल्याच परीक्षेत विचारलेलं नव्हतं. "काका, डावीकडून सुरू करा, पुढचं पुढे आपोआप होतं," असं मी सांगितलं, तेव्हा ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांना छपरापासून घर बांधायला सांगत होते.

"डावीकडून एकदाच केलं होतं," ते म्हणाले. "शिकाऊ होतो तेव्हा. हॉटेलचा बोर्ड. उस्ताद चहाला गेले, आणि मला वाटलं, येईपर्यंत करून दाखवू. अक्षरं अशी टप्पोरी काढली की बघत राहावं. शेवटचा एल राहिला तेव्हा भिंत संपली. मग तो शेजारच्या न्हाव्याच्या भिंतीवर काढला."

"मग?"

"मग काय. उस्तादांनी कानाखाली काढली आणि न्हावी म्हणाला, अक्षर ठेवायचं असेल तर भाडं द्या."

त्या दिवसापासून काकांनी एकही शब्द डावीकडून सुरू केला नव्हता. दोऱ्याने मध्य काढायचा, मधलं अक्षर आधी, मग एक उजवं, एक डावं. उभी हयात त्यांनी याच पद्धतीने इंग्रजी पाट्या रंगवल्या. डॉक्टरांच्या, वकिलांच्या, बँकांच्या. वाचता मात्र एकही येत नव्हती. गिऱ्हाईक चिठ्ठीवर लिहून द्यायचं, काका ती चित्र काढावं तशी भिंतीवर उतरवायचे. अक्षरं त्यांना नावाने नव्हे, स्वभावाने माहीत होती. ओ म्हणे फसवा, रेषेच्या जरासा बाहेर काढला नाही तर बारका दिसतो. एस हट्टी. आय आला की सुट्टी.

दुसऱ्या आठवड्यात ते खिशात बारीक ब्रश आणि पांढऱ्या रंगाची डबी घेऊन आले आणि वर्ग सुरू व्हायच्या आत सगळ्या कीबोर्डवरची पुसलेली अक्षरं रंगवून टाकली. वाळेपर्यंत कुणाला हात लावू देईनात. त्या संध्याकाळी आम्ही नुसतंच बोललो, आणि तेव्हाच ते इथे का आले ते मला कळलं.

काकांचा धंदा फ्लेक्सने बसवला. जी पाटी रंगवायला त्यांची सकाळ जायची, ती छपाईचं मशीन चहा उकळेपर्यंत बाहेर टाकायचं. बरं, मुलीने लग्न कोणाशी करावं? फ्लेक्स छापणाऱ्याशी.

"माझ्या पोटावर पाय दिला तो दिला, वर मुलगीही नेली," असं काका जावयाच्या तोंडावर म्हणायचे. जावईबापूही कमी नव्हते. "म्हणून तर रविवारी जेवायला बोलावतो ना, बाबा. पोटाची भरपाई."

दुकानात जावई मोठं मशीन चालवायचा आणि शिडीवर चढून बोर्ड लावायचा. काउंटरवरचा कॉम्प्युटर मुलीकडे होता. गिऱ्हाईक मजकूर आणून द्यायचं, बहुतेक इंग्रजी, आणि ती तो टाइप करून द्यायची. आता तिला दिवस गेले होते. पुढच्या महिन्यापासून डॉक्टरांनी आराम सांगितला होता. तिच्या खुर्चीत कोणीतरी बसायला हवं होतं. जावयाने इन्स्टिट्यूटमधून शिकलेली एक मुलगी हेरून ठेवली होती. काकांची मुलगी म्हणत होती, बाबांना बसू द्या.

"बाबांना इंग्रजी येत नाही," जावई म्हणाला.

"शिकतो की," बाबा म्हणाले.

"कॉम्प्युटर?"

"तोही शिकतो. एकाच शिडीवरून दोन्ही भिंती होतील."

हे सांगून काका मला म्हणाले, "मॅडम, मला पुस्तकं वाचायची नाहीत. मला त्या खुर्चीत बसायचंय. तुमच्या काकू गेल्यापासून घरात बोलायला नुसत्या भिंती आहेत, आणि त्या सगळ्या रंगवून झाल्या. दुकानात माणसं येतात."

मग आम्ही कामाला लागलो. इंग्रजी आणि टायपिंग हातात हात घालून. काका वाटेवरच्या स्वतःच्याच जुन्या पाट्या वाचत वर्गाला यायला लागले. "मॅडम, तो चौकातला वकील आहे ना, तो वकील नाहीच, नोटरी आहे. मीच लिहिलंय, मलाच माहीत नव्हतं." एके दिवशी आल्या आल्या म्हणाले, "बाजारातल्या एका दुकानावर मी 'मागे शाखा नाही' असं लिहिलंय आणि खाली मोठा बाण काढलाय. बाण मागेच दाखवतो." आणि स्वतःच डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

चूक खोडायला ते तयार नसायचे. बॅकस्पेस दाबण्याआधी विचारायचे, "डाग राहणार नाही ना?" मी त्यांना अन्डू दाखवलं. एक दाबलं की शेवटचं केलेलं मागे जातं, आणखी दाबलं की त्याच्या आधीचं. ते दाबत गेले. ओळ गेली, तिच्या वरची गेली, शेवटी कोरं पान उरलं. त्यांनी काचेवरून बोट फिरवून पाहिलं. डाग नव्हता.

"न्हाव्याच्या भिंतीला हे असतं तर," ते म्हणाले.

सेव्हचं मात्र जमेना. बंद करताना कॉम्प्युटर विचारायचा, ठेवायचं की टाकायचं? काकांना तो अपमान वाटायचा. "भिंत कधी विचारते का असं? एवढं केलंय ते ठेवायलाच ना?" आणि रागारागाने 'नाही' दाबायचे.

मग मी एक चूक केली. मजकूर ओळीच्या मध्यावर आणायचं बटण मी त्यांना लवकर दाखवलं. ते दाबून त्यांनी पी लिहिला, तो बरोबर मध्यावर उभा राहिला. पुढे लिहीत गेले तशी ओळ दोन्ही बाजूंना सारखी पसरत गेली. काकांचे हात थांबले. त्यांनी दोरा काढून मोजलं. बरोबर होतं.

"उस्तादांनी पाहायला हवं होतं," ते म्हणाले, आणि त्यानंतर जे काही लिहिलं ते मध्यावर. पत्ता मध्यावर. सामानाची यादी मध्यावर. 'माझी दिनचर्या' या विषयावरच्या आठ ओळी मध्यावर, त्यातला 'जेवण' हा शब्द लाल आणि तिप्पट मोठा.

मी सांगत राहिले की पत्र डावीकडून लिहितात. ते मान डोलवायचे आणि म्हणायचे, "डावीकडे सगळे भिंतीला टेकून उभे असल्यासारखे दिसतात. आळशी." असं का लिहितात, याला माझ्याकडे "पद्धत आहे" यापलीकडे उत्तर नव्हतं, आणि पद्धतीच्या बाबतीत त्यांची माझ्यापेक्षा जुनी होती.

मुलीचा महिना जवळ आला तेव्हा जावयाने त्यांना एक काम देऊन पाहिलं. कोणाचा तरी नोकरीचा अर्ज होता. काकांनी जीव ओतून टाइप केला. सगळ्या ओळी मध्यावर, अर्जदाराचं नाव पाव पान भरून, त्याला सावली, आणि चारी बाजूंनी वेलबुट्टी. जावयाने कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"बाबा," शेवटी तो म्हणाला, "हा माणूस नोकरी मागतोय की दुकान उघडतोय?"

हे काकांनीच मला बुधवारच्या वर्गात सांगितलं. हसत सांगितलं, पण त्या दिवशी दोरा खिशातून बाहेर आला नाही. जावयाने ठरवलं होतं, शनिवारी काकांनी दिवसभर काउंटरवर बसायचं. मुलगी मागे बसेल, पण हात लावणार नाही. जमलं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून इन्स्टिट्यूटवाली येईल.

"दाखवा तरी तो अर्ज," टेलरताई म्हणाल्या. त्यांनी कागद हातभर लांब धरला, मग जवळ आणला. "काका, दारावर लावायला झकास आहे. लांबून, उभ्या उभ्या वाचायला. पण साहेब हा टेबलाशी बसून वाचणार ना? त्याचे डोळे ओळ संपली की परत कुठे येणार? दर ओळ वेगळीकडून सुरू होतेय. माझं मेलं टाके उसवल्यासारखं झालं."

काकांनी त्यांच्या हातातून कागद घेतला. उभे राहिले, कागद भिंतीवर दाबून धरला, मागे सरकत सरकत दारापर्यंत गेले. मग येऊन खुर्चीत बसले, कागद मांडीवर ठेवला आणि बोटाने ओळी चाचपत वाचू लागले. बोट ओळीच्या शेवटी जायचं आणि परत येताना चुकायचं.

"म्हणजे उभ्याने वाचायचं ते मधून," ते सावकाश म्हणाले, "आणि बसून वाचायचं ते डावीकडून."

"हो," मी म्हटलं. इतके आठवडे मी हेच सांगायला हवं होतं.

"मग मॅडम, पद्धत पद्धत काय करत होता? मी आयुष्यात बसून वाचायचं काही लिहिलंच नाही. मला काय माहीत?" आणि लगेच, "याला इंग्रजीत काय म्हणायचं?"

आम्ही ती दोन वाक्यं वर्ग संपेपर्यंत घोकली. टॅक्सीवाले भाऊ गिऱ्हाईक झाले, टेलरताई जावई झाल्या आणि कमरेवर हात ठेवून नाक मुरडत राहिल्या.

शनिवारी मी दुकानात गेले, कारण काकांनी बजावलं होतं, "तुम्ही या. तुम्ही असलात की बोटं शाळेत असल्यासारखी वागतात." दुकान चिंचोळं होतं. मागे मशीन घरघरत होतं, ताज्या शाईचा वास होता, आणि भिंतीला गुंडाळलेले फ्लेक्स सतरंज्यांसारखे टेकून ठेवले होते. काका इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. मुलगी मागे स्टुलावर, पोटावर दोन्ही हात ठेवून. जावई मशीनजवळ, पण कान काउंटरकडे.

सकाळी खोली भाड्याने देण्याची पाटी आली, ती झाली. हरवलेल्या मांजराची आली, ती इतकी सुबक झाली की मांजर नाही सापडलं तरी लोक पाटी घरी नेतील, असं मुलगी म्हणाली.

मग एक बाई आल्या. केस आखूड, हातात गाडीची किल्ली, आणि बोलणं सगळं इंग्रजी, तेही सुसाट. त्यांनी हाताने लिहिलेले दोन कागद काउंटरवर ठेवले. पोहण्याच्या तलावाचे नियम. वर मोठं शीर्षक, खाली भरगच्च मजकूर. बाई म्हणाल्या की अर्ध्या तासात हवंय, आणि मोबाइलकडे बघायला लागल्या.

काकांनी कागद पाहिले. हे दारावर लावायचं की फायलीत, हे कागदावरून कळण्यासारखं नव्हतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी पंख्याकडे बघत होती. माझ्याकडे पाहिलं. मी गुंडाळलेले फ्लेक्स मोजायला लागले. जावयाने मशीन बंद केलं.

काकांनी घसा साफ केला.

"मॅडम. पीपल रीड स्टँडिंग? ऑर पीपल रीड सिटिंग?"

बाईंनी मोबाइलमधून मान वर काढली. "सॉरी?"

काका खुर्चीतून उठले, कागद भिंतीवर धरला. "स्टँडिंग." मग बसले, कागद मांडीवर. "सिटिंग."

बाईंना हसू फुटलं. "रनिंग," त्या म्हणाल्या. "चिल्ड्रेन. रनिंग अँड वेट."

हे आम्ही घोकलेलं नव्हतं. काकांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी कागदावर बोट ठेवलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत नेलं आणि मान हलवली.

"रनिंग पीपल, नो रीड ऑल धिस. रनिंग पीपल, थ्री लाइन. बिग." हात पसरून त्यांनी केवढं बिग ते दाखवलं. "धिस ऑल, सिटिंग पीपल. ऑफिस. मदर, फादर."

बाईंनी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि काउंटरवर कोपरं टेकून, पेनने, पळणाऱ्यांसाठी कोणत्या तीन ओळी ठेवायच्या ते ठरवायला लागल्या. काकांना निम्मे शब्द कळत नव्हते. न कळलेल्या शब्दावर ते बोट ठेवायचे, बाई हातवारे करून दाखवायच्या. 'डाइव्ह' दाखवताना त्यांची किल्ली उडून मशीनखाली गेली आणि ती जावयाला पालथं पडून काढावी लागली.

काम अर्ध्या तासात झालं नाही. काका एका एका बोटाने टाइप करत होते आणि जावई घड्याळाकडे बघत होता. पण शेवटी दोन कागद बाहेर आले. एक भिंतीवरचा, मध्यावर, तीन ओळी, पळता पळता डोळ्यांत घुसतील अशा. दुसरा आईबापांनी सही करून द्यायचा, सगळ्या ओळी डावीकडे शहाण्यासारख्या रांगेत. बाई दोन्ही घेऊन गेल्या. जाताना काकांना त्या काहीतरी म्हणाल्या, ते इतक्या वेगाने की काकांनी नुसती मिशी हलवली.

"काय म्हणाल्या?" त्यांनी मुलीला विचारलं.

"बदलायच्या खोल्यांसाठीही पाटी हवीय, सोमवारी येते म्हणाल्या. तुम्हीच हवे म्हणाल्या."

जावई शर्टवरची धूळ झटकत पुढे आला. "बाबा, एक विचारू? ते सेव्ह केलंत ना?"

काकांनी पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर कोरं पान होतं. मघाशी कॉम्प्युटरने विचारलं असणार, ठेवायचं की टाकायचं, आणि काकांनी सवयीप्रमाणे त्याला चिडून उत्तर दिलं असणार.

मग मुलगी हसायला लागली, इतकी की तिला स्टुलाची कड धरावी लागली, आणि तिचं बघून जावईही हसायला लागला.

"सोमवारी त्या मॅडम येणार," तो म्हणाला, "आणि त्यांना उभं-बसून-पळत विचारायला ती इन्स्टिट्यूटवाली कुठून शिकणार? बसा तुम्हीच. पण सेव्हचं बटण मी लाल रंगवून घेणार."

"रंगवणार कोण?" काका म्हणाले. "तू? सरळ रेष येते का तुला?"

त्या शनिवारनंतर काका वर्गाला उशिरा यायला लागले, दुकान बंद करून. मी मधे एकदा तिकडे गेले तर काउंटरवर लाकडाची छोटी पाटी होती, हाताने रंगवलेली. इंग्रजीत तीन प्रश्न, स्टँडिंग, सिटिंग, रनिंग. जावई म्हणाला की आता गिऱ्हाईक ती वाचूनच सांगतं, आणि एकाने 'ड्रायव्हिंग' असं सांगितल्यामुळे बाबा दोन दिवस विचारात होते.

मुलीला मुलगी झाली. मी बघायला गेले तेव्हा पाळणा खिडकीजवळ होता आणि काका दोन स्टुलं एकमेकांवर ठेवून वर चढले होते. ब्रश तोंडात, दोरा हातात. जावई खालून स्टुलं धरून उभा होता आणि म्हणत होता, "बाबा, उतरा. मी छापून देतो, चिकटवू."

"तुझ्या छापील अक्षरांत जीव नाही," काका ब्रश चावत म्हणाले. मग मला बघून, "मॅडम, तुम्ही एक शिकवायचं राहिलंच. झोपून वाचणाऱ्याचं काय?"

मी वर पाहिलं. पाळण्याच्या बरोबर वर, छतावर, नातीच्या नावाचं एकच अक्षर झालं होतं. ओला रंग चमकत होता. ते नावातलं मधलं अक्षर होतं.